मशीनला विटाळ नसतो

रविवारी सकाळी इडल्या थंड होत चालल्या होत्या आणि श्रीशैल निटुरे मोबाईलमध्ये नाक खुपसून फरशी पुसणारी यंत्रं बघत बसला होता. गेले कित्येक दिवस त्याचा हाच उद्योग चालला होता. एक यंत्र धूळ जास्त ओढतं, पण त्याचं फडकं चपटं. दुसऱ्याची फडकी गोल फिरतात आणि पुसून झालं की ते आपल्या जागी जाऊन ती गरम पाण्यात स्वतःच धुतं. तिसऱ्याला रोलर आहे, पण त्याचा दुरुस्तीवाला लातुरात नाही, बिघडलं की पुण्याला पाठवत बसा. सख्ख्या बहिणीचं स्थळ बघतानासुद्धा श्रीशैलनं इतकी बारीक चौकशी केली नव्हती.

"चटणी वाढू का?" त्याच्या बायकोनं, आरतीनं, विचारलं.

"थांब जरा. हे बघ, ह्याला कॅमेरा आहे. डाग दिसला की मागं फिरतंय आणि परत पुसतंय. माणसाला तरी जमतं का असं?"

माणसाला ते जमतं हे आरतीला चांगलं ठाऊक होतं, कारण सिंधू गेल्यापासून एवढ्या मोठ्या घराची फरशी तीच पुसत होती. पण ती काही बोलली नाही. या घरात न बोलण्याची तिला सवय झाली होती.

सिंधू म्हणजे त्यांची मोलकरीण. ती पगारावरून गेली नाही. श्रीशैलची आई शिवकांताबाई रोज तिला फाटकापाशीच थांबवून विचारायच्या, "आज बरी हायस न्हवं? न्हाई तर मागच्या मागं जा." सिंधूनं बरेच दिवस ऐकून घेतलं. मग एका सकाळी तिनं हातातली बादली तिथंच उपडी केली आणि म्हणाली, "बाई, रोज रोज काय इचारता? माझं अंग हाय का तुमच्या भितीवरचं क्यालेंडर हाय?" ती जी गेली ती परत फिरकली नाही. दुसरी बाईही मिळेना, कारण औसा रोडवरच्या त्या कॉलनीत जेवढ्या कामवाल्या येत, तेवढ्या सगळ्यांना सिंधूनं कारण सांगून ठेवलं होतं.

तेव्हापासून शिवकांताबाईंनी यंत्राचा ध्यास घेतला. "मशीनच बरं बया," त्या येईल त्याला सांगत. "मशीनला अडचण येत न्हाई."

घर खरोखरच मोठं होतं. एमआयडीसीतली डाळमिल जोरात चालली होती आणि तो जोर घरात पावलोपावली दिसत होता. पांढरीशुभ्र संगमरवरी फरशी, हॉलमध्ये झुंबर, सागवानाचं देवघर, त्याला पितळी घंट्या. आणि स्वयंपाकघराच्या मागं एक बिनखिडकीची खोली. तिला सगळे आडखोली म्हणत. तिथं इन्व्हर्टरची बॅटरी होती, तेलाचे रिकामे डबे होते, पाहुण्यांच्या जुन्या गाद्या होत्या, झाडू-बादल्या होत्या आणि एक चटई होती.

ती चटई आरतीची. दर महिन्याला चार दिवस तिनं तिथं बसायचं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, जेवण दारातून पायानं सरकवलेलं. न्हाणीघराकडं जायचं तर बोळातून भिंतीच्या कडेकडेनं जायचं, आणि ती पुढं गेली की मागून ओलं फडकं फिरायचं. बॅटरीच्या आंबूस वासानं तिचं डोकं उठायचं. गाद्यांमधून झुरळं निघायची आणि ताटाच्या कडेवर चढायची. देगलूरच्या कॉलेजात पोरांना रसायनशास्त्र शिकवून आलेली ही बाई एका हातानं झुरळं हाकलत दुसऱ्या हातानं भात खायची, आणि भिंतीपलीकडं सागवानी देवघरात घंटा वाजत असायची. हे लिहितानासुद्धा तोंडाला कडवट चव येते, पण लिहायलाच हवं, कारण अशा आडखोल्या लातुरात ही एकच नाही.

यातली सगळ्यात ओकारी आणणारी गोष्ट पुढंच आहे. हे घर लिंगायतांचं होतं. ज्या धर्माच्या मूळ शिकवणीत विटाळ नावाची गोष्टच नाही, जिथं बाईच्या गळ्यातलं, डबीत बांधलेलं इष्टलिंग जन्मापासून मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं, महिन्याचे सगळे दिवस तिनं ते तळहातावर घेऊन पूजायचं असतं, त्या धर्माचं हे घर. आरतीच्या माहेरी, देगलूरला, तसंच चालायचं. तिचे वडील पंचाक्षरी आणि आई रोज शेजारी शेजारी पूजेला बसत, आणि आईला कोणत्याही दिवशी कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. लग्न होऊन आरती लातूरला आली, पहिल्याच महिन्यात शिवकांताबाईंनी तिला त्या चार दिवसांपुरतं गळ्यातलं लिंग काढायला लावलं आणि देवघरातल्या खिळ्याला टांगलं. "देगलूरचं देगलूरला," त्या म्हणाल्या. श्रीशैल म्हणाला, "अव्वाचं मन राख. चार दिवसांचा तर प्रश्न आहे." नवी नवरी होती. तिनं मन राखलं. राखतच गेली.

आणि हे निटुरे काही पिढ्यान्‌पिढ्या सोवळ्यात वाढलेले होते असंही नाही. चाकूरजवळच्या शेतात शिवकांताबाई स्वतः सगळे दिवस खुरपं घेऊन राबल्या होत्या. श्रीशैल झाला त्याच्या आदल्या दिवशीही आपण तुरीत होतो हे त्या अभिमानानं सांगायच्या. तेव्हा विटाळ पाळायला वेळच नव्हता. मिल आली, बंगला आला, बंगल्याशेजारी बड्या घरच्या बायका आल्या, त्यांच्याकडं असतं ते आपल्याकडंही हवं असं वाटायला लागलं, आणि झुंबराच्या पाठोपाठ विटाळही घरात आला.

या सगळ्यावर कळस म्हणजे श्रीशैलचे वडील बसलिंगप्पा. पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर ठसठशीत विभूती, आवाज खणखणीत. समाजाच्या प्रत्येक कार्यक्रमात अप्पांचं भाषण ठरलेलं. "जन्माचं सूतक नाही, मरणाचं नाही, विटाळाचं नाही, उष्ट्याचं नाही, जातीचं नाही! पाची सूतकं आपण गाडून टाकलीत!" असं ते हात उंचावून म्हणत आणि लोक टाळ्या वाजवत. घरी आले की पेपर उघडत. आडखोलीचं दार त्यांच्या खुर्चीवरून सरळ समोर दिसायचं. पेपर मोठा होता.

तर त्या रविवारी नासिरभाई दोन यंत्रं घेऊन आले. गंजगोलाईत त्यांचं विजेच्या सामानाचं जुनं दुकान, निटुऱ्यांच्या घरातला फ्रिज, गिझर, झुंबर सगळं त्यांच्याकडूनच आलेलं. "दोन्ही घरी चालवून बघा, शेठ," ते म्हणाले होते. "पटेल ती ठेवा, दुसरी मी घेऊन जातो." एक यंत्र पांढरं होतं, चपट्या फडक्याचं. दुसरं काळं, कॅमेऱ्याचं, स्वतःची फडकी स्वतः धुणारं.

पांढरं यंत्र हॉलमधून बोळाच्या टोकापर्यंत, आडखोलीच्या दारापर्यंत, एकदा फिरलं आणि श्रीशैलच्या मोबाईलवर घराचा नकाशा उमटला. खोल्यांना वेगवेगळे रंग आले. श्रीशैल पोरासारखा खूश झाला. शिवकांताबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांना धुळीशी कर्तव्य नव्हतं.

"नासिर, मला एक सांग. हे आडखोलीकडून आलं, का मंग देवघरात बी जाणार?"

"जाईल की अम्मा. सगळीकडं जातंय."

"तसं चालायचं न्हाई बाबा."

नासिरभाईंना वाटलं, चिखलाचं म्हणतात. "मंग काळी घ्या. ती मधीच आपल्या जागेवर जाऊन फडकं धुऊन येती. गरम पाण्यानं."

"गरम म्हंजे कसं? नुसतं कोमट, का चांगलं कढत?"

"चांगलं गरम असतंय, अम्मा."

"त्यानं विटाळ जातो का?"

नासिरभाईंचा खोक्यावरचा हात थांबला. आरती स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तिच्याकडं त्यांची नजर गेली आणि लगेच खाली वळली. "अम्मा," ते चाचरत म्हणाले, "कंपनी धुळीचं सांगती, तेलाच्या डागाचं सांगती. ह्याचं काय सांगितलेलं न्हाई."

"मंग इचारून ठेव त्यास्नी. एवढी भारी मशीन घ्यायची तर नीट इचारून घ्यावं." शिवकांताबाईंना आपल्या प्रश्नात काही वावगं वाटलं नव्हतं. "आन ते घाण पाणी कुठं जातंय?"

"टाकीत साठतंय. टाकी भरली की ओतायची."

"कुणी?"

शिवकांताबाईंनी आणि श्रीशैलनं एकाच वेळी आरतीकडं बघितलं, आणि तो विषय तिथं संपला.

"अव्वा, काळजीच सोड," श्रीशैल म्हणाला. "हे बघ, मी आडखोली लाल केली. लाल केलं की मशीन तिकडं जातच नाही." जन्मात त्या खोलीत त्यानं पाऊल टाकलं नव्हतं, आणि आता बोटाच्या एका फटक्यात ती त्यानं नकाशातून काढून टाकली होती. मग त्याला आणखी एक सोय सापडली. त्याचा चेहरा उजळला. "आरती, तुझी तारीख साधारण कितीच्या आसपास असते गं? इथं टाकून ठेवतो. मग त्या चार दिवसांत बोळात दर तासाला आपोआप फिरेल. तुझ्यामागं फडकं घेऊन कुणी हिंडायला नको."

बायकोला साडी आणावी तशा कौतुकानं तो हे म्हणाला. परक्या माणसासमोर म्हणाला. नासिरभाई एकदम खाली वाकून खोक्याची चिकटपट्टी सोडवू लागले. पेपरमागून अप्पांनी पान उलटलं.

आरतीनं ट्रे खाली ठेवला तेव्हा कपातला चहा बशीत सांडला. आपल्या अंगाचा हिशेब आता मोबाईलमध्ये जाणार, आणि एक काळं यंत्र आपल्या पावलामागं गुरगुरत फिरणार. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याला हे वाईट आहे हे कळतच नव्हतं, आणि तेच जास्त किळसवाणं होतं.

तेवढ्यात शांभवी आली. त्यांची एकुलती एक लेक, सातवीत शिकणारी. रविवारीसुद्धा तिचा स्कॉलरशिपचा क्लास असायचा. सकाळी पोट दुखतंय म्हणून इडली न खाताच गेली होती. दप्तर सोफ्यावर टाकून ती सरळ यंत्रापाशी जाऊन उकिडवी बसली.

"मम्मी, हे बघ ना, मला वळसा घालतंय! भितंय मला!" ती हसत होती. यंत्र डावीकडं वळलं की तीही डावीकडं सरकायची. आरतीला त्या सगळ्या सकाळीत पहिल्यांदाच हसू आलं.

मग शांभवी उभी राहिली आणि तिचं हसू थांबलं. पांढऱ्याशुभ्र फरशीवर, ती बसली होती तिथं, एक लहानसा लाल डाग होता.

शाळेत मॅडमनी सांगितलं होतं, आरतीनंही सांगून ठेवलं होतं. पोरीला काय झालं ते कळलं. पण बाप, आजोबा, आजी, दुकानदार अशा सगळ्यांच्या मधोमध ते होईल असं कुणी सांगितलं नव्हतं. तिनं फ्रॉक दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि ती आईकडं बघत राहिली.

यंत्राला यातलं काय कळणार? ते आलं, डागावरून सरळ गेलं, आणि त्याच्या ओल्या चपट्या फडक्यामागं एक फिकट गुलाबी रेघ उमटत चालली. सोफ्यापासून हॉलच्या मध्यापर्यंत, तिथून थेट देवघराच्या उंबऱ्याकडं.

"आगं बया बया! धरा ते! देवघर, देवघर!" शिवकांताबाई ओरडल्या.

श्रीशैल रेघेकडं बघत होता. लेकीकडं नाही, रेघेकडं. "बघितलं?" तो म्हणाला. "हेच मी म्हणत होतो. चपटं फडकं पुसत नाही, पसरवतं. नासिरभाई, काळी सोडा. बघू तिच्या कॅमेऱ्याला डाग दिसतो का."

नासिरभाईंनी काळी सोडली नाही. पुढं होऊन त्यांनी पांढऱ्या यंत्राचं बटण दाबलं, ते उंबऱ्यापाशी थांबलं. "शेठ, आधी बेटीकडं बघा," ते हलक्या आवाजात म्हणाले, "मी बाहेर गाडीपाशी थांबतो." आणि चप्पल हातात घेऊनच ते बाहेर पडले.

आरतीनं लेकीला कुशीत घेतलं आणि सगळ्यांच्या देखत न्हाणीघराकडं नेलं. बोळाच्या मधून नेलं, भिंतीच्या कडेनं नाही. ऊन पाणी काढून दिलं, कपडे दिले, काय कसं करायचं ते दाखवलं. शांभवी हुंदके देत होती.

"मम्मी, मी घाण केलं का गं?"

"नाही बाळा. तू काही घाण केलेलं नाहीस."

"पप्पा मशीन सोडा म्हणाले."

आरतीनं लेकीचे केस विंचरले, तोंड पुसलं. "आता मला पण आडखोलीत बसावं लागेल ना?" शांभवीनं विचारलं. लहानपणापासून तिनं आईला दाराच्या फटीतून बघितलं होतं. आईला शिवायचं नाही म्हणून रडत झोपी गेलेली पोर होती ती. या प्रश्नात मात्र रडणं नव्हतं. तिनं ते मान्य करूनच टाकलं होतं, आणि आरतीच्या काळजात जे काही लागलं ते त्या आवाजानं लागलं. हे मान्य करायला आपणच शिकवलं, रोज, न बोलता.

दोघी हॉलमध्ये परत आल्या. रेघ तशीच होती. शिवकांताबाई देवघराच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात स्टीलची ताटली होती. हात लांब करून त्यांनी ती पुढं धरली.

"शांभवे, जवळ येऊ नगंस. तिथूनच गळ्यातलं लिंग काढ आन ह्यात टाक. मंग आडखोलीत जा. रडू नगं, समद्याच बसत्यात."

पोरीचा हात गळ्याकडं गेला. तिथं चांदीच्या डबीत तिचं लिंग होतं, ती पाळण्यात असताना जंगम स्वामींनी बांधलेलं. तिच्या आयुष्यात ते कधी उतरलं नव्हतं. तिची बोटं दोऱ्याची गाठ शोधू लागली.

"हात खाली घे," आरती म्हणाली.

शांभवीनं हात खाली घेतला. शिवकांताबाईंना वाटलं आपल्याला ऐकू आलं ते चुकीचं आहे. "काय म्हनलीस?"

"ते तिच्या गळ्यातच राहील, अव्वा. आणि ती आडखोलीत जाणार नाही. मीसुद्धा जाणार नाही. आजपासून नाही."

"डोकं फिरलं का तुजं? समद्या जगात पाळत्यात!"

"तुम्ही कधी पाळलंत? चाकूरला तुम्ही किती दिवस बाजूला बसलात सांगा. तुमच्या सासूनं कधी ताटली पुढं केली होती का?"

शिवकांताबाई चिडून म्हणाल्या, "तवा आमी गरीब होतो! गरिबाला कसला इटाळ? आता चार मोठ्या घरच्या बाया येत्यात आपल्याकडं. काय म्हनतील?"

"त्या काय म्हणतील म्हणून माझ्या लेकीनं झुरळांत बसायचं?"

"श्रीशैल, बग रं तुजी बायकू कशी बोलायली!"

श्रीशैलनं मोबाईल खाली ठेवला, उचलला, परत ठेवला. "आरती, आज राहू दे ना. अव्वाचा बीपी वाढेल. पहिलीच वेळ आहे तिची, दोन दिवस बसेल, मग बघू आपण."

आरती सरळ अप्पांच्या पेपरासमोर जाऊन उभी राहिली. "अप्पा, तुम्ही सांगा. विटाळाचं सूतक गाडून टाकलंय म्हणता ना तुम्ही? मी ऐकलंय, पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात. आज तुमच्या नातीसाठी एकदा म्हणा. इथं फक्त आम्हीच आहोत, माईक लागणार नाही."

अप्पांनी पेपराची घडी घातली. चष्मा काढून पुसला. खणखणीत आवाजाचा तो माणूस आता इतकं हळू बोलला की कान द्यावा लागला. "ते तत्त्व झालं, आरती. तत्त्व येगळं. घरातलं काय ते बायकांनी बगायचं असतं, त्यात मी कशाला पडू?" मग ते उठले. "मला मठात बैठक हाय. चलतो."

दाराकडं जायला त्यांना हॉल ओलांडायचा होता, आणि मधे ती रेघ होती. अप्पा रेघेपाशी आले. त्यांनी खाली बघितलं. मग डाव्या हातानं धोतराचा सोगा वर उचलला, तो लागू नये म्हणून पोटाशी धरला, आणि लांब ढांग टाकून आपल्या नातीच्या रेघेपलीकडं गेले. शांभवी ते बघत होती.

आरतीला आयुष्यात कशाची एवढी किळस आली नव्हती. आडखोलीतल्या झुरळांची नाही, बॅटरीच्या वासाची नाही. शुभ्र धोतर उचलून धरणाऱ्या त्या हाताची आली. तोच हात माईकसमोर उंच जायचा.

तिनं शांभवीचा हात धरला आणि देवघराकडं निघाली. शिवकांताबाई ताटली घेऊन दारात होत्या. त्या हटल्या नसत्या, पण दोघी जवळ आल्या तसं त्यांना शिवण्याची भीती वाटली आणि त्याच आपण होऊन मागं सरल्या. उंबरा मोकळा झाला.

आत जाऊन दोघी पाटावर बसल्या. आरतीनं गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं. शांभवीनं आईकडं बघून तसंच केलं. पाणी, विभूती, बेलाचं पान. देगलूरला आईच्या शेजारी बसून आरती हेच शिकली होती, आणि आज कितीतरी वर्षांनी तिच्या शेजारी कुणी बसलं होतं. बाहेर शिवकांताबाईंचा जप, रडणं आणि शिव्या आळीपाळीनं चालल्या होत्या. आज त्या घरात देवघराबाहेर त्या एकट्याच उभ्या होत्या, आणि त्यांना कुणीही बाहेर काढलेलं नव्हतं.

थोड्या वेळानं श्रीशैल दारापाशी आला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण जे म्हणायला हवं ते त्याला येत नव्हतं. म्हणून जे येत होतं तेच त्यानं विचारलं. "नासिरभाई बाहेर खोळंबलेत. काय सांगू त्यांना? कोणती ठेवायची?"

आरतीनं लिंग परत डबीत ठेवलं, डबी गळ्यात सारली. "कोणतीही ठेवा. पण मशीनची जागा आडखोलीत. तिथं आता दुसरं कुणी बसणार नाही."

"बरं," श्रीशैल म्हणाला. मग चाचरत, "आणि ती रेघ?"

"ती तुम्ही पुसा. मशीन लावू नका, हातानं पुसा. तुमच्या लेकीची आहे."

तो बराच वेळ घुटमळला. शांभवी त्याच्याकडं बघत होती, म्हणून असेल, पण शेवटी तो वळला. फडकं आणि बादली कुठं असते हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं आईला विचारलं. शिवकांताबाईंनी पदरानं डोळे पुसत आडखोलीकडं बोट दाखवलं.

श्रीशैल आत गेला आणि लगेच बादली घेऊन, नाकावर हात धरून बाहेर आला.

"आरती," तो म्हणाला, "तिथं श्वाससुद्धा घेववत नाही गं."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती. हे तो आज म्हणाला, कारण त्या खोलीत तो आजच गेला होता.